कानाने ऊन

बाबांची नजर गेली त्याच वर्षी
मंदालगोवीच्या बाजारातून पॅनेल आलं
दोन गोधड्यांत गुंडाळून, उंटाच्या पाठीवर,
लोणच्याची बरणी न्यावी तसं जपत.
बारा शेळ्या विकल्या होत्या त्यासाठी.
तेरावी घासाघीस करून वाचवली,
तिनेच पुढच्या वसंतात वर उडी मारून
काचेच्या कोपऱ्याला तडा दिला.

बाबा तारेचे माणूस.
तरुणपणी सरकारसाठी खांब रोवायचे,
कमरेला पट्टा, बुटांना लोखंडी नखं.
तालुक्याच्या शेवटच्या घरापाशी खांब थांबले.
“तिथं त्यांचं गवत संपलं,” बाबा म्हणतात.
पुढे नुसतं गोबी.
आणि आमचं घर तर वर्षातून चारदा उठून चालायला लागतं,
त्याच्यामागे कुठला खांब धावणार?

आता त्यांच्याकडे एवढंच काम:
पॅनेल वळवायचं.
सकाळी उगवतीला, दुपारी दाराच्या दिशेला,
मग हळूहळू काळ्या टेकडीकडे.
आधी ते गालावर ऊन शोधतात,
कुणी हाक मारल्यासारखा चेहरा फिरवत.
सापडलं की चौकट गालाच्या रेघेत आणून
खाली दगड सरकवतात.
मीटरचा काटा मी बघते. कधीच चुकत नाहीत.

पण थंडी आमच्याकडे नऊ-नऊ दिवसांनी मोजतात,
नऊ वेळा.
तिसऱ्या नवात तीन वर्षांच्या बैलाची शिंगं गोठून पडतात म्हणे.
त्या दिवसांत ऊन दिसतं, लागत नाही.
बाबा उभे, भुवयांवर बर्फ,
डावा गाल, उजवा गाल,
आणि सूर्य कुठेच नाही.
त्या रात्री दिवा जेवणाआधीच विझला.
ते काही बोलले नाहीत,
खारा चहा निवेपर्यंत वाटी धरून बसले.

अनुजिन माझी धाकटी. अकरा वर्षांची.
तिच्याकडे एक मोडका खेळण्यातला ट्रक होता
आणि कुणा पाहुण्यांनी टाकून दिलेला बागेतला दिवा,
त्याच्या डोक्यावर टिकलीएवढं पॅनेल.
ट्रकची मोटार, दिव्याची टिकली,
दोन वायरी, उंटाच्या केसांची दोरी.
मोठ्या चौकटीला तिनं ते बांधलं
आणि आजोबांचा हात धरून बाहेर नेलं.

वळवा.
गप्प.
अजून थोडं.
बारीक कुरकुर.
अजून.
आणि एकदम सूर चढला, उंच, अखंड.
“डास!” बाबा ओरडले.
“एवढ्या थंडीत, गोबीत, डास!”
पॅनेल इकडे-तिकडे करत राहिले, लहान मुलासारखे,
सूर पाडत, सूर चढवत,
शेवटी मी आत बोलावलं. नाक निळं झालं होतं.

तेव्हापासून ते ऊन कानाने पकडतात.
ढगाची कड आली की आम्हाला आधी सांगतात.
“पातळ आहे, जाईल.”
धुळीचं वादळ आलं तेव्हा तीन दिवस
मोटार मुकी होती.
तरी ते बाहेर जायचे, हाताने काच पुसायचे,
तड्यावरून बोट फिरवायचे
आणि कान लावून बसायचे.

रोज रात्री विचारतात, “लागला का?”
मी म्हणते, “लागला.”
त्यांना काय कमी-जास्त, असं लोक म्हणतात.
माझ्याही मनात आलं होतं.
वादळाच्या तिसऱ्या रात्री बॅटरी कोरडी होती.
चुलीतल्या शेणीची तांबडी धग, बाकी काही नाही.
“लागला का?”
“लागला,” म्हटलं मी. दिवसभर बसले होते बिचारे.

बराच वेळ ते ऐकत राहिले.
मग म्हणाले,
“मग अनुजिनच्या वहीचं पान
का उलटत नाही?”